कोकणातल्या जुन्या ज्यू कबरी साफ करताय? या चुका टाळा

नवगाव, रेवदंडा, पेण, रोहा. रायगडमधल्या अशा गावांत बेने इस्राएल हा ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तेलाचा घाणा शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. जहाज फुटून बुडालेल्या पूर्वजांना नवगावला पुरलं, असं समाज परंपरेनं सांगत आला आहे. पुढे बरीच घरं मुंबईला गेली, १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला. मागे राहिलेल्या कबरींवर रान माजलं. ते काढायला तरुण मुलं स्वतःहून येतात, याचा मला फार आनंद आहे. पण घाईत दगडाचं जे नुकसान होतं, ते पावसानंही झालेलं नसतं.

आधी समाजाच्या विश्वस्तांची परवानगी घ्या आणि हात लावण्यापूर्वी प्रत्येक कबरीचा फोटो काढा.

गवत पेटवू नका, तापून दगड तडकतो. तारेचा ब्रश, ॲसिड नकोच. संगमरवरावर ॲसिड टाकलं की फेस येतो; मळ निघतोय असं वाटतं, पण विरघळत असतो तो दगड. साधं पाणी, मऊ ब्रश आणि शेवाळ खरवडायला बांबूची काडी पुरते. चुन्यातल्या जुन्या बांधकामाला सिमेंट लावलं तर ओल आत कोंडते, खारं पाणी सुकताना दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच वापरा.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे पुसट अक्षरं ऑइलपेंटनं ‘ठळक’ करणं. मराठी ओळ अंदाजानं जुळते, हिब्रू मात्र हमखास चुकते आणि मग तीच चूक कायमची वाचली जाते. त्यापेक्षा आरशानं दगडाच्या कडेनं तिरपा उजेड पाडा. अक्षरांच्या कडांना सावली धरते, सपाट वाटणारा दगड वाचता येतो.

लेखाच्या शेवटी ‘ताव, नून, त्सादी, बेत, हे’ अशी पाच हिब्रू अक्षरं दिसली तर ते नाव किंवा साल समजू नका. मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो, या प्रार्थनेची ती आद्याक्षरं आहेत. सालही अक्षरांतच असतं; प्रत्येक हिब्रू अक्षराला आकडा असतो, त्यांची बेरीज करायची. बहुधा हजार वगळलेले असतात, म्हणजे ५६६० ऐवजी ६६०. ६६० आलं तर १२४० मिळवा, १९०० मिळेल. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, त्यामुळे वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेला १८९९ धरा.

कबरीवरचे लहान खडे कचरा म्हणून झाडू नका. भेटीला आलेलं माणूस आठवण म्हणून खडा ठेवून जातं. धुताना उचलावे लागले, तर त्याच कबरीवर परत ठेवा.