मशागत आणि नत्र : या चुका टाळा

नांगरटीनंतरचे पीक हिरवेगार दिसते, म्हणून नांगरटीमुळे जमिनीतले नत्र वाढते, असा समज घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात नांगराचा फाळ मातीचे रवाळ कण फोडतो, त्यांच्या आत जिवाणूंच्या आवाक्याबाहेर राहिलेला सेंद्रिय पदार्थ हवेला उघडा पडतो आणि जिवाणू तो झपाट्याने कुजवतात. त्यातला बराचसा कर्ब (कार्बन) वायुरूपाने निघून जातो, तर नत्र आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होऊन मोकळे होते. ही जुन्या शिलकीतली उचल आहे, नवी भर नव्हे. पेरणीच्या कितीतरी आधी खोल नांगरट करून रान उघडे टाकले, तर ही उचलही पिकाच्या वाट्याला येत नाही, कारण नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरते. नांगरायचेच असेल तर मी पेरणीच्या तोंडावर आणि गरजेपुरतेच उथळ नांगरतो.

दुसरी चूक मला सर्वांत जास्त खटकते. ओळखीच्या एका शेतकऱ्याने गव्हाचे काड रानातच ठेवून, न नांगरता मका पेरला आणि नेहमीचा युरिया काडावरच फेकला. रोपे लहान असतानाच पिवळी पडली. त्याने शून्य मशागतीला, म्हणजे न नांगरता पेरण्याच्या पद्धतीला दोष दिला, पुढच्या हंगामात रान उभे-आडवे नांगरले आणि पीक हिरवे आले तेव्हा आपलेच खरे ठरले असे मानले. वास्तविक गव्हाच्या काडात कर्ब आणि नत्राचे प्रमाण साधारण 80:1 असते, जिवाणूंच्या शरीरात ते 8:1 च्या आसपास असते. त्यामुळे असे काड कुजवताना जिवाणू भोवतालचे नत्र स्वतःकडे ओढतात. ते पुढे परत मिळते, पण तोवर रोपाची उपासमार होते. शिवाय काडावरच्या युरिएज या विकरामुळे (एन्झाइममुळे) युरियाचा अमोनिया होऊन काही भाग हवेत गेला तो वेगळाच. नत्राचा पहिला हप्ता मी पेरणीबरोबरच काडाखाली, बियाण्यापासून थोडा बाजूला आणि खोल देतो. वरून युरिया टाकावा लागलाच, तर लगेच पाणी देतो. एका हंगामात निकाल मागणाऱ्यांनी शून्य मशागतीच्या वाटेला जाऊ नये, कारण मातीला नवा समतोल साधायला काही वर्षे लागतात.

रोटाव्हेटर पुन्हा पुन्हा फिरवल्याने मायकोरायझा या मुळांशी जोडलेल्या उपयुक्त बुरशीचे तंतू तुटतात आणि पात्यांच्या खाली घट्ट थर तयार होतो. एवढे करून वर जिवाणू संवर्धकाची (उपयुक्त जिवाणूंच्या द्रावणाची) बाटली ओतणाऱ्यांचे मला नवल वाटते.

वाफसा, म्हणजे मातीत कामाला योग्य इतकीच ओल, नसताना मशागत करू नये.

निचरा वाईट असलेल्या, दबलेल्या रानात शून्य मशागतीचा आग्रह धरू नये, कारण प्राणवायू नसलेल्या ओल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा नायट्रस ऑक्साइड आणि नत्रवायू करतात. आधी निचरा सुधारावा.

न नांगरलेल्या रानात सेंद्रिय पदार्थ वरच्या थरात साचतो. त्यामुळे माती परीक्षणाचे नमुने मी वरच्या आणि खालच्या थरांतून वेगवेगळे घेतो, आणि दर वेळी त्याच खोलीचे घेतो.