सारंगखेड्याच्या यात्रेत जनरेटरची जागा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात आमचा मुक्काम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच, वर ताडपत्री. वायर आखूड, म्हणून जनरेटर ट्रॉलीला खेटून ठेवला. तासाभरात माझं डोकं जड, धाकट्याला मळमळ. आधी वाटलं, भरीत बाधलं! (बिचाऱ्या वांग्यांना उगाच बोल.) सायलेन्सरपुढे लांबून हात धरला, तर धूर सरळ ताडपत्रीखाली. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. लगेच बंद केला, सगळ्यांना मोकळ्यावर आणलं. थोड्या वेळाने बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी जाड, लांब केबल आणली. वाऱ्याची दिशा पाहून जनरेटर 25 फूट लांब नेला, सायलेन्सरचं तोंड तापीकडे, खाली फळी. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावरच. झोपताना मात्र बंदच, बॅटरीवर भागतं.