लष्करी अभियंत्यांच्या नियतकालिकाची वर्गणी भरण्याआधी

वर्गणीचा अर्ज उघडण्याआधी एका कागदावर तीन प्रश्न लिहून काढा: सध्या कामात मी कुठे अडतो, पुढच्या दोन वर्षांत माझ्याकडे कोणतं काम येणार आहे, आणि माझ्या आसपास कोणालाच येत नाही असं काय आहे. माझ्या कागदावर पहिल्यांदा फक्त 'नदीकाठची माती' एवढंच होतं. पूल वेळेत उभा करता येत होता, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता दहा गाड्यांनंतर चिखलात बसत होता. हा कागद हाताशी असला की कोणतं नियतकालिक घ्यायचं हे ठरवणं सोपं जातं. तो नसला की अंक येत राहतात आणि तसेच पडून राहतात.

मग प्रकाशक कोण आहे ते बघा, कारण त्यावर पुढची सगळी तयारी ठरते. काही अंक सैन्याची प्रशिक्षण संस्थाच काढते. अमेरिकी लष्कराचं 'इंजिनिअर' हे मिसुरीतल्या फोर्ट लेनर्ड वूडच्या इंजिनिअर स्कूलचं. अमेरिकी सरकारच्या अशा प्रकाशनांवर त्या देशात कॉपीराइट नसतो आणि त्याचे अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तेव्हा पैसे भरण्याआधी छापील प्रत खरंच हवी आहे का, हे स्वतःला विचारा. काही अंक व्यावसायिक संस्थांचे असतात. 'द मिलिटरी इंजिनिअर' हे सोसायटी ऑफ अमेरिकन मिलिटरी इंजिनिअर्सचं. संस्था आणि तिचं हे नियतकालिक, दोन्ही 1920 सालचे. ब्रिटनमधलं 'रॉयल इंजिनिअर्स जर्नल' त्याहून जुनं, 1870 पासूनचं. ते चॅथमच्या इन्स्टिट्यूशन ऑफ रॉयल इंजिनिअर्सकडून निघतं. संस्थेचा अंक बहुतेक वेळा सदस्यत्वाबरोबर येतो. म्हणून आधी विचारून घ्या: नुसती वर्गणी भरता येते का, की सदस्य व्हावं लागतं? सेवेतले, निवृत्त, नागरी अभियंते, विद्यार्थी असे गट असतील तर तुम्ही कोणत्या गटात बसता, आणि त्यासाठी कोणता पुरावा लागतो? ओळखपत्राची प्रत मागितली तर ती बाहेर देण्याची परवानगी आहे का, हे आपल्या वरिष्ठांना विचारल्याशिवाय ती पाठवू नका.

जुने दोन-तीन अंक मिळवून सावकाश वाचा. या यादीतलं मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं काम हेच, आणि बहुतेक जण नेमकं तेच टाळतात. मुखपृष्ठ, सत्कारांचे फोटो, बदल्यांच्या बातम्या बाजूला ठेवा. लेख कोणी लिहिला आहे, काम करणाऱ्याने की काम पाहून गेलेल्याने, ते बघा. आकृतीवर मापं आहेत का? बेली पुलावर, म्हणजे सुट्या लोखंडी चौकटी (पॅनेल) जोडून उभारायच्या पुलावर, लेख असेल तर दहा फुटी पॅनेलचं वजन सुमारे 260 किलो आणि ती सहा जणांनी उचलायची, एवढं कुठल्याही पुस्तिकेत मिळतं. लेखात याच्या पलीकडचं हवं: रात्री किती तास लागले, काठावर जुळवाजुळवीला जागा किती होती, कोणता भाग कमी पडला. चुकलेल्या कामाबद्दल अंक बोलतो का, ही माझी खरी कसोटी. मे 2022 मध्ये युक्रेनच्या बिलोहोरिव्का गावाजवळ सिव्हर्स्की दोनेत्स नदी ओलांडताना रशियन तुकड्यांचे तरंगते पूल तोफांच्या माऱ्यात उद्ध्वस्त झाले, गाड्या काठावरच अडकल्या. या घटनेवर लिहिताना जो लेख फक्त पुलाच्या भागांवर थांबतो, तो मला अपुरा वाटतो. शत्रूच्या नजरेआड राहायला सोडायचा धूर, तोफखान्याचा आधार, पलीकडच्या काठाची टेहळणी, गाड्यांची गर्दी पांगवणं, हे सगळं ज्यात येतं तो अंक घ्यावा.

पत्त्याचा विचार इथेच करा. बदल्या होत राहतात आणि अंक जुन्या जागी जात राहतात. एका वर्षी माझे चार अंक असे हरवले, त्यातला एक सुरुंग हटवण्यावरचा विशेषांक होता. तो मला आजतागायत मिळालेला नाही. तेव्हापासून मी घरचा कायमचा पत्ता देतो. लिफाफ्यावर युनिटचं नाव आणि ठिकाण उघड होत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. युनिटच्या वाचनालयासाठी घेत असाल तर वर्गणी पदाच्या नावाने घ्या, व्यक्तीच्या नव्हे.

छापील की डिजिटल? नकाशे आणि मोठ्या आकृत्या कागदावर बऱ्या, जुन्यातून शोधायला डिजिटल बरं. जिथे नेटवर्कच नाही तिथे जायचं असेल तर अंक आधी उतरवून घ्यायची सोय आहे का ते बघा.

पैसे भरताना वर्गणी कोणत्या अंकापासून सुरू होते, वर्षात अंक किती, परदेशी टपालाचा खर्च धरला आहे का, आणि न मिळालेला अंक किती दिवसांत कळवायचा, हे लेखी घ्या. पावती आणि वर्गणीदार क्रमांक एकाच जागी ठेवा. वर्गणी आपोआप नव्याने सुरू होत असेल तर तसं कळून-सवरूनच मान्य करा.

पहिला अंक यायच्या आत एक वही तयार ठेवा. विषयाप्रमाणे पानं पाडा: पूल, सुरुंग आणि अडथळे, पाणी, रस्ते व धावपट्ट्या, तटबंदी, छद्मावरण (कॅमोफ्लाज). प्रत्येक लेखापुढे अंकाचा क्रमांक, पान आणि एका ओळीत आपल्याला काय मिळालं. समासात आपल्या युनिटची साधनं किंवा क्षमता मात्र लिहू नका. अंक हातोहात फिरतो आणि कुठे पोचेल सांगता येत नाही. संपादकांना पत्र किंवा लेख पाठवायचा असेल तर त्यालाही आधी मंजुरी घ्यावी लागते, तो वेळ हिशोबात धरा.

शेवटी वर्गणी संपायच्या दोन महिने आधीची तारीख त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि शेजारी तो तीन प्रश्नांचा कागद चिकटवा.