आउटबोर्डचं हँडल जड झालंय? आधी जुनं ग्रीस बाहेर काढा

हतनूर धरणाच्या फुगवट्यावर बोट दोन-तीन महिने काठाला पडून राहिली की आउटबोर्डचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या मोटरचं, हँडल जाम होतं, वळवायला दोन्ही हात लागतात. मेकॅनिक गाठण्याआधी हे करून बघा.

१. मोटर बंद करा. स्टिअरिंग कमी-जास्त घट्ट करायचा बोल्ट तपासा. कुणीतरी तोच आवळून ठेवलेला असेल तर काम तिथेच संपलं.

२. ब्रॅकेटवरचं (मोटर बोटीला धरून ठेवणारा भाग) ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस भरायचं छोटं तोंड, पुसा आणि ग्रीसगनने वॉटरप्रूफ मरीन ग्रीस भरा. भरताना मोटर डावी-उजवी फिरवत राहा. आधी काळं, घट्ट झालेलं ग्रीस बाहेर येईल. स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत थांबू नका. कंटाळा इथेच येतो, आणि खरा फरकही इथेच पडतो.

३. ग्रीस आत जातच नसेल तर निप्पल काढून साफ करा, अनेकदा तेच तुंबलेलं असतं. तरीही जमलं नाही तर ब्रॅकेटवर किटलीभर कढत पाणी ओता आणि लगेच पंप मारा. (मे महिन्यात भर दुपारी बसलात तर किटली लागणारही नाही!)

तापवायला ब्लोलॅम्पची ज्योत मात्र नको, पेट्रोलची टाकी शेजारीच असते. आणि स्टिअरिंगचा तो बोल्ट अगदी सैल सोडू नका. चालू बोटीत हात सुटला तर मोटर एकदम वळते.