मुलाची पोटगी: अर्जापासून वसुलीपर्यंत, आणि त्यामागचा सरकारचा हेतू

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत मुलांच्या पोटगीची कलमे कुठे आहेत हे पाहिले, तर त्यांच्या आसपास विवाह किंवा कुटुंब यांचा विषय सापडत नाही. कलम १४४ ते १४७ हे दहावे प्रकरण आहे. त्याच्या आधीचे प्रकरण शांतता राखण्यासाठी आणि चांगल्या वर्तणुकीसाठी घ्यावयाच्या जामिनाचे आहे, तर नंतरचे बेकायदेशीर जमाव व सार्वजनिक उपद्रव यांचे. १ जुलै २०२४ पासून ही संहिता लागू झाली, त्याआधी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम १२५ होते आणि १८९८ च्या संहितेत ४८८. क्रमांक बदलत गेले, पण १९७३ पासून शेजार मात्र तोच राहिला. १८७२ च्या संहितेचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी या तरतुदीचे वर्णन भटकेपणा, निदान त्याचे परिणाम, टाळण्याचा उपाय असे केले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ते वर्णन उद्धृत केले आहे. ब्रिटिश सरकारला मुलांचा कळवळा होता असे यावरून म्हणता येणार नाही. टाकून दिलेले कुटुंब रस्त्यावर येते, त्यातून भीक आणि चोरी वाढते आणि तो भार सरकारवर पडतो, असा तो हिशेब होता. स्वातंत्र्यानंतर न्यायालयांनी याच कलमाला राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(३) (स्त्रिया व मुलांसाठी विशेष तरतुदींची मुभा) आणि ३९ (राज्याच्या धोरणाची तत्त्वे) यांचा आधार देऊन सामाजिक न्यायाचा अर्थ दिला, आणि १९९२ मध्ये भारताने स्वीकारलेल्या बालहक्क करारानेही पालकांकडून मुलाच्या निर्वाहाचा खर्च वसूल होईल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली.

हा इतिहास अर्जदाराला सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने मुलांच्या पोटगीच्या वसुलीची सरकारी यंत्रणा उभी राहिली, ती मुख्यतः सरकारी तिजोरीसाठी. एकट्या आईला कल्याणकारी मदत द्यायची, त्या बदल्यात तिने पोटगीचा हक्क सरकारच्या नावे करायचा आणि सरकारने ते पैसे बापाकडून वसूल करायचे, अशी ती रचना होती. पैसे स्वतःचे असल्यामुळे तिथले सरकार पगारातून परस्पर कपात करते, कराचा परतावा अडवते आणि थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पारपत्रही नाकारते. आपल्याकडे सरकारने आईला आधी पैसे दिलेले नसतात, त्यामुळे ते वसूल करण्याची घाईही त्याला नसते. मूल उपाशी राहू नये एवढी सरकारची इच्छा आहे, त्यासाठी त्याने एक जलद मार्ग आखून दिला आहे, पण त्या मार्गावरचे प्रत्येक पाऊल आईलाच उचलावे लागते. न्यायालयाचा आदेश झाला की पैसे आपोआप सुरू होतील, या समजुतीमुळे थकबाकीचे कित्येक महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत.

अर्ज करताना

पहिली गोष्ट म्हणजे मुलाची पोटगी आणि पत्नीची पोटगी एकाच अर्जात मागितली तरी त्यांची रक्कम, कारणे आणि खर्चाचा तपशील स्वतंत्र लिहावा. पत्नीच्या पोटगीला कायद्यात काही अडथळे आहेत. ती पुरेशा कारणाशिवाय पतीसोबत राहण्यास नकार देते, दोघे परस्परसंमतीने वेगळे राहतात किंवा ती व्यभिचारात राहते, असे सिद्ध झाल्यास तिचा हक्क जातो. यांपैकी एकही अडथळा मुलाला लागू नाही. विवाह वैध होता की नाही हाही मुलाच्या बाबतीत प्रश्न नाही, कारण कलमात औरस आणि अनौरस या दोन्ही शब्दांचा स्पष्ट उल्लेख आहे. मुस्लिम घटस्फोटित स्त्रियांविषयीच्या १९८६ च्या कायद्याने मुलांचा हा हक्क कमी होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. नवराबायकोच्या भांडणाची पाने अर्जात जितकी कमी, तितका मुलाचा भाग उठून दिसतो. अर्जाचा अर्धा भाग सासूच्या स्वभावावर खर्च करण्याची आपल्याकडची पद्धत मुलाच्या काहीही उपयोगाची नाही.

अर्ज कुठे करायचा, याला कलम १४५ मध्ये बरीच मोकळीक आहे. बाप जिथे आहे, जिथे तो किंवा पत्नी राहते, किंवा जिथे दोघे शेवटचे एकत्र राहिले, त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी अर्ज चालतो. माहेरी परतलेल्या आईला माहेरच्या तालुक्यातच अर्ज करता येतो. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात आणि इतरत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा, अथवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. महाराष्ट्रात पोटगीच्या दाव्यांत स्त्रियांना न्यायालयीन शुल्काची माफी १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने दिलेली आहे.

मुलाचा खर्च मोघम लिहू नये. ‘दरमहा १०,००० रुपये मिळावेत’ या वाक्यापेक्षा शाळेचे शुल्क, रिक्षा किंवा बस, शिकवणी, वह्यापुस्तके, औषधे, कपडे, किराण्यातला आणि घरभाड्यातला मुलाचा वाटा, असे एकेक आकडे पावत्यांसह मांडले तर न्यायाधीशाला रक्कम ठरवताना आधार मिळतो. सोबत जन्मदाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, विवाहाचा पुरावा असल्यास तो आणि बापाच्या उत्पन्नाचे जे हाती लागेल ते जोडावे. नोकरदार असेल तर पगारपत्रक किंवा फॉर्म १६, शेतकरी असेल तर सातबारा आणि आठ-अ चे उतारे, दुकानदार असेल तर दुकानाच्या परवान्याची प्रत आणि दुकानाचे छायाचित्र. बाप बेकार असल्याचे सांगत असला तरी खचून जाऊ नये. धडधाकट माणसाने प्रसंगी अंगमेहनत करूनही पत्नी आणि मुलांचे पोषण केले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही पुन्हा सांगितले आहे.

उत्पन्न लपवण्यावर सध्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र. ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनेश विरुद्ध नेहा या, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांना असे शपथपत्र देणे बंधनकारक केले. नमुना निकालासोबतच दिलेला आहे आणि शेतीवर अवलंबून असलेल्यांसाठी तो वेगळा आहे. आईने आपले शपथपत्र अर्जासोबतच द्यावे. स्वतःची नोकरी किंवा बँकेतली ठेव लपवू नये, कारण खोटे शपथपत्र दोघांनाही सारखेच अंगाशी येते आणि आई कमावती असल्याने मुलाचा बापाकडचा हक्क संपतही नाही. फार तर शिक्षणाचा खर्च दोघांत उत्पन्नाच्या प्रमाणात वाटला जातो. सामनेवाल्याचे शपथपत्र आल्यावर ते ओळ न् ओळ वाचून, त्यातील वगळलेली खाती आणि जमिनी कोणत्या हे वकिलाकडून लेखी मांडून घ्यावे.

मूळ अर्जासोबत अंतरिम, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज त्याच दिवशी द्यावा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्ज निकाली काढावा, ही तरतूद २००१ च्या दुरुस्तीने आली. मूळ कायद्यातली ५०० रुपयांची कमाल मर्यादाही त्याच दुरुस्तीने गेली, आणि तोपर्यंत सरकारला मुलाच्या भुकेची किंमत किती वाटत होती हे त्या आकड्यावरून समजते. अर्ज दिल्याच्या तारखेपासून पोटगी मिळावी, अशी मागणी स्पष्ट शब्दांत लिहावी. २०२० च्या निकालानंतर हाच सर्वसाधारण नियम झाला असला, तरी मागितलेले नसले की आदेशात ते राहून जाण्याची शक्यता असते.

आदेश हाती आल्यावर

आदेशाची प्रत मोफत मिळते, कलम १४७ मध्ये तसे लिहिलेले आहे. त्याच कलमानुसार बाप ज्या ठिकाणी असेल तिथल्या कोणत्याही दंडाधिकाऱ्याकडून आदेशाची अंमलबजावणी करून घेता येते. आदेश सांगलीचा आणि बाप सुरतेला, अशी परिस्थिती असेल तर सुरतेच्या न्यायालयात ओळख आणि थकबाकी यांची खात्री पटवून वसुली मागता येते.

पोटगी मुलाच्या किंवा आईच्या बँक खात्यातच जमा व्हावी, असे आदेशात लिहून घ्यावे. रोख दिल्याघेतल्याचे वाद वसुलीच्या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ खातात, आणि ‘दिवाळीला कपडे घेतले होते’ असे उत्तर प्रत्येक न्यायालयाने ऐकलेले असते.

एक हप्ता चुकला की वसुलीचा अर्ज करता येतो. कलम १४४(३) नुसार न्यायालय दंडाच्या वसुलीप्रमाणे वॉरंट काढते, म्हणजे कलम ४६१ नुसार जंगम (हलवता येणाऱ्या) मालमत्तेची जप्ती होऊ शकते किंवा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे रक्कम वसूल होऊ शकते. शेतजमीन असलेल्या बापाच्या बाबतीत हा दुसरा मार्ग विशेष उपयोगी आहे, पण तो आपणहून कोणी सुचवत नाही, अर्जातच मागावा लागतो. त्यानंतरही पैसे आले नाहीत तर एक महिन्यापर्यंत किंवा पैसे भरेपर्यंत कैद होऊ शकते. अनेक महिन्यांच्या थकबाकीचा एकच अर्ज केल्यास कैद एकूण किती देता येते, याविषयी न्यायालयांत एकमत नाही. म्हणून वर्षभर साचू न देता दर तीन-चार महिन्यांनी स्वतंत्र अर्ज करणे श्रेयस्कर ठरते. उशिराचा दुसरा धोका अधिक मोठा आहे. रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ही तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. अर्ज मुदतीत केलेला असेल तर तो चालू असताना पुढे थकलेले हप्तेही त्यातच मागता येतात.

पगारदार बापासाठी दिवाणी पद्धतीची जप्तीही खुली आहे, कारण पोटगीचा आदेश पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे (दिवाणी न्यायालयाच्या पैसे देण्याच्या निकालाप्रमाणे) बजावता येतो, असे २०२० च्या निकालात म्हटले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये सरकारचा हेतू आकड्यांतच दिसतो. जप्तीस पात्र पगार ३०,००० रुपये धरला, तर सावकाराला किंवा बँकेला त्यातून ९,६६७ रुपयांच्या आसपासच जप्त करता येतात, कारण पहिले १,००० आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सुरक्षित असतो. पोटगीसाठी मात्र फक्त एक-तृतीयांश सुरक्षित आहे, म्हणजे २०,००० रुपयांपर्यंत जप्ती होऊ शकते. कौटुंबिक हिंसाचाराचीही तक्रार असेल तर २००५ च्या कायद्याच्या कलम २०(६) खाली न्यायालय थेट मालकाला पगारातून रक्कम देण्याचा आदेश करू शकते आणि मग दरमहा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.

बाप तुरुंगात जाऊन आला म्हणजे देणे फिटले, असे त्याचे नातेवाईक सांगतात. ते चूक आहे. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, त्याने रक्कम फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे. तसेच परस्परसंमतीच्या घटस्फोटात ‘मुलाच्या पोटगीवर हक्क सांगणार नाही’ असे आईकडून लिहून घेतलेले असले, तरी न्यायालये सामान्यतः त्याला मुलावर बंधनकारक मानत नाहीत, कारण जो हक्क तिचा नाही तो तिला सोडता येत नाही. अशा कागदावर सही झालेली असली तरी नवा अर्ज करून पाहावा.

मूल वरच्या वर्गात गेले, आजारी पडले किंवा बापाचा पगार वाढला, तर कलम १४६ खाली रक्कम वाढवून मागता येते, त्यासाठी जुन्या आदेशाची प्रत आणि नव्या खर्चाच्या पावत्या पुरतात. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर हा मार्ग बंद होतो, तिला शारीरिक वा मानसिक असमर्थता असेल तेवढा अपवाद. परंतु हिंदू अविवाहित मुलीला १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली वडिलांकडे निर्वाह मागता येतो. त्यासाठी वेगळा दावा लागतो, म्हणून अठराव्या वाढदिवसाच्या काही महिने आधीच वकिलाशी बोलून तो तयार ठेवावा.