एनसीआय लावताना: आधी सील, मग बाकी सगळं

वरुड-मोर्शीकडून संत्र्याचे सॅम्पल यायला लागले की सायपरमेथ्रिन-फेनव्हॅलरेट या कीटकनाशकांसाठी जीसी-एमएस यंत्रातला ईआय सोर्स (थेट इलेक्ट्रॉनच्या माऱ्याने आयन बनवणारा) काढून सीआय (मिथेन भरून आयन बनवणारा) लावावा लागते. एनसीआय म्हणजे सीआयमध्ये निगेटिव्ह आयन मोजणं. हातमोजे, सेप्टम, लाइनर हे सांगत बसत नाही.

टिप सील, म्हणजे इंटरफेस (कॉलम सोर्सपर्यंत आणणारी नळी) अन् सोर्स यांच्यातली फट बुजवणारा तुकडा. सोर्स आत जायच्या आधी इंटरफेसच्या टोकावर ते चढलं का, बोटाने नाही, डोळ्याने पाहा. गेल्या वेळी हेच राहिलं नं! अॅजिलेंटच्या यंत्रात सील नसलं तर मिथेन सोर्समध्ये थांबत नाही, फटीतून निसटते. दाबाचं गेज काही सांगत नाही, कारण येणारा मिथेन तेवढाच असते. दाब मात्र सोर्समध्ये बनत नाही, आणि दाब नाही तर इलेक्ट्रॉन मंद होत नाहीत. मंद इलेक्ट्रॉनच क्लोरीनवाला रेणू पकडते. तोच एनसीआयचा सगळा खेळ आहे. सोर्स सीलवर बळजबरीने दाबू नका, टोक वाकते. कॉलम टोकाबाहेर 1 ते 2 मिमी. आता पुन्हा विचारतो, सील आहे?

मिथेन किमान 99.99 टक्के, नळी स्वच्छ, जोड घट्ट. पंपाचा धूर बाहेर सोडा, मिथेन पेट घेते. रात्रभर पंप चालू द्या. मधात लाइट गेली अन् यूपीएसनेही हात टेकले तर पंपाचे तास पुन्हा पहिल्यापासून मोजा.

एनसीआयच करायचं असलं तरी सुरुवात पॉझिटिव्हमध्ये करा. मिथेनचे आयन 17, 29, 41 (m/z, म्हणजे आयनचं वस्तुमान) ठळक दिसले पाहिजेत. 28 हा 27 पेक्षा उंच असेल तर हवा गळते, 19 वर आला तर पाणी आहे. अन् 16 टिकून, 29-41 ठेंगणे? यंत्र उघडा, सील पाहा. ट्यूनचे (यंत्र जुळवायचे) आकडे फिरवत बसू नका, त्यात दिवस जातो.

मग निगेटिव्ह. सोर्स 150 अंशांपासून सुरू. तापमान वाढवलं की तुकडे वाढतात, मूळ आयन घटतो. मिथेन मिनिटाला 2 मिलि धरून थोडा कमी-जास्त करून पाहा, एका वेळी एकच गोष्ट बदला. पीएफडीटीडीचे (यंत्र जुळवायचं द्रव्य) 185, 351, 449 दिसले की ऑक्टाफ्लोरोनॅफ्थलीनचा (संवेदनशीलता तपासायचं द्रव्य) 272 तपासा. सायपरमेथ्रिन 207 अन् 209 वर, फेनव्हॅलरेट 211 वर. डायक्लोरोमिथेनमधलं सॅम्पल टोचू नका, क्लोराइडच्या 35-37 चा पूर येते.

फिलामेंट जादाचा ठेवा. सोर्स काळा पडते, लवकर धुवा. बंद करताना आधी मिथेन बंद, मग व्हेंट (यंत्रात हवा सोडणं). ईआय परत लावताना सील काढून डबीत, डबीवर मोठ्या अक्षरात ‘सील’, अन् डबी सीआय सोर्सच्याच खोक्यात.