हॅम रेडिओची सुरुवात : आधी तार, मग सेट

हॅम रेडिओ म्हणजे सरकारी परवाना काढून, स्वतःच्या सेटवरून इतर हौशी लोकांशी बिनतारी बोलण्याचा छंद. तो मनात आला की पहिला प्रश्न असतो, ‘सेट कोणता घेऊ?’ सेटचं नंतर बघू. बोलता येणारा सेट परवान्याशिवाय वापरणं गुन्हा आहे, म्हणून स्वस्तात दिसला तरी हँडी (हातात धरायचा वॉकीटॉकीसारखा सेट) मागवून ठेवू नका. परवाना मिळेपर्यंतचा वेळ ऐकण्यात घालवावा. त्यासाठी चांगली अँटेना लागते, आणि ती घरी बनते.

सुरुवात ४० मीटर बँडवर (सुमारे ४० मीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर) करा, म्हणजे ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ. सातारा शहर अजिंक्यतारा आणि यवतेश्वराच्या मध्ये वसलंय. हँडीवर सहसा असतात त्या दोन मीटरच्या लहरी (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) साधारण नजरेच्या रेषेतच जातात, त्यामुळे पायथ्याच्या घरातून डोंगरापलीकडचं फारसं काही कानावर येत नाही. सांगलीत जमीन सपाट आहे, पण तिथेही लांबचं ऐकायला दंडोबासारखी उंची गाठावी लागते. ४० मीटरच्या लहरी मात्र वर आयनोस्फियरपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरांपर्यंत, जाऊन परत खाली येतात, मध्ये डोंगर असला तरी बिघडत नाही.

अँटेना डायपोल, म्हणजे मध्यभागी केबल जोडलेल्या तारेच्या दोन सारख्या बाजू. सूत्र सोपं आहे : १४३ भागिले मेगाहर्ट्झ, उत्तर मीटरमध्ये. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७. सुरुवातीला १०.३० मीटर कापा, कारण तार कमी करता येते, वाढवणं कटकटीचं. घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालते. तिच्यावरच्या पीव्हीसी आवरणामुळे अँटेना थोडी खालच्या फ्रिक्वेन्सीवर बसते, म्हणून अंतिम लांबी सूत्रापेक्षा थोडी कमीच निघेल. तासगाव-मिरज भागात द्राक्षबागेची जस्ती तार सहज मिळते, पण ती लोखंडी असल्याने तिच्यात ऊर्जा वाया जाते. ताणाला वापरा, अँटेनाला नको.

मध्यबिंदू गच्चीवरच्या पाइपावर ८ ते १० मीटर उंच बांधा आणि दोन्ही टोकं उतरती सोडा. दोन बाजूंमधला कोन ९० अंशांपेक्षा कमी होऊ देऊ नका. टोकं हाताला लागणार नाहीत इतकी, किमान अडीच मीटर उंच ठेवा. टोकांना पीव्हीसी पाइपाचे तुकडे इन्सुलेटर म्हणून पुरतात. मध्यभागी कोॲक्स केबलचा (टीव्हीच्या केबलसारखी, आत धागा आणि भोवती जाळी असलेली) आतला तांब्याचा धागा एका बाजूला आणि जाळी दुसऱ्या बाजूला सोल्डर करा. लगेच खाली ११० मिलिमीटरच्या पाइपावर केबलचे १२ ते १४ वेढे घाला, साधारण ५ मीटर केबल जाते. यामुळे केबलची जाळी स्वतःच अँटेना होत नाही आणि घरातला गोंगाट कमी शिरतो.

महावितरणच्या तारांपासून इतकं लांब राहा की पाइप किंवा तार कुठेही पडली तरी त्यांना लागणार नाही. यात तडजोड नको. वळवाच्या दिवसांत ढग दिसताच अँटेनाची केबल घरातल्या उपकरणातून काढून घराबाहेर ठेवा, गडगडाट सुरू झाल्यावर हात लावू नका.

नॅनोव्हीएनए (अँटेना कोणत्या फ्रिक्वेन्सीवर बसली ते दाखवणारं छोटं उपकरण) मिळाला तर अँटेना सुरात आणणं सोपं. दोन्ही बाजू १-१ सेंटिमीटर कमी केल्या की फ्रिक्वेन्सी सुमारे ७ किलोहर्ट्झ वर सरकते. त्या हिशोबाने कापा, दोन्हीकडे सारखं. पावसाळ्यात केबलच्या जोडांत पाणी जातं, जाळी काळी पडते आणि आवाज हळूहळू बसतो. बाहेरच्या जोडांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल.

ऐकायला लॅपटॉप आणि आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर. साधे टीव्हीचे डोंगल २४ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होतात, त्यावर ७ मेगाहर्ट्झ मिळत नाही. शॉर्टवेव्हची सोय असलेलाच घ्या. ४० मीटरवर बोलणं ऐकताना सॉफ्टवेअरमध्ये एलएसबी (लोअर साइडबँड) मोड निवडा, १० मेगाहर्ट्झच्या वर यूएसबी (अपर साइडबँड; लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट नव्हे). मोड उलटा असेल तर माणूस बोलतोय हे कळतं, शब्द एकही कळत नाही.

सतत गुरगुर येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि घराचा मेन स्विच बंद करून बघा. आवाज गेला तर दोषी घरातच आहे, बहुधा एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर. एकेक सर्किट चालू करत शोधा. भारनियमनाची वेळ तर ऐकायला उत्तमच, आख्ख्या गल्लीचा गोंगाट थांबलेला असतो.

सकाळी आणि संध्याकाळी देशातली हॅम स्टेशनं छान येतात. भर दुपारी आयनोस्फियरचा खालचा थर लहरी शोषतो, आणि रात्री जवळची स्टेशनं गायब होऊन हजारो किलोमीटरवरची येतात. बोलणं मिळालं नाही तर ७.०७४ वर यूएसबी मोडमध्ये एफटी८ (संगणकाने पाठवायचे छोटे डिजिटल संदेश) ऐका. १५-१५ सेकंदांचे संदेश डब्ल्यूएसजेटी-एक्स हे मोफत सॉफ्टवेअर उलगडून दाखवतं. पडद्यावर काहीच उमटत नसेल तर आधी संगणकाचं घड्याळ तपासा, एखाद-दुसऱ्या सेकंदाचा फरकही नडतो.

ऐकता ऐकता परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास चालू ठेवा. परीक्षा केंद्राच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) ही शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. वय किमान १२ वर्षं. परवान्याच्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक लिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांचं मोर्स. प्रश्न रेडिओच्या तत्त्वांवर आणि नियमांवर असतात. इलेक्ट्रॉनिक्स येणारे नियमांकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच गुण जातात. क्यू-कोड (क्यूपासून सुरू होणारे तीन अक्षरी संकेत), आंतरराष्ट्रीय उच्चारवर्ण (अल्फा, ब्राव्हो, चार्ली...) आणि बँडच्या मर्यादा तोंडपाठ हव्यात.

नोंदवही आजच सुरू करा : तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं स्टेशनचं सांकेतिक नाव), आवाज किती स्पष्ट. वेळ यूटीसीत (जगभर सामाईक प्रमाणवेळेत) लिहायची सवय लावा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून. पहाटे साडेपाचच्या आधी ऐकलेल्याची तारीख आदल्या दिवसाची पडते, तिथे नवे लोक हमखास चुकतात.